अफजलखानाचा मुलगा आणि तुळजापूरची मुरळी

चौथीच्या वर्गात शिवचरित्राचे पुस्तक असते. त्यातल्या प्रतापगडाच्या धड्यापाशी वर्ग आला की मुस्लिम मुलाची मान आपोआप खाली जाते. गुरुजी भले असतात, बाकावरचा मित्रही भला असतो. पण मधल्या सुट्टीत कुणाच्या तरी तोंडून 'तुमचा अफजलखान' निघतोच. धाराशिव जिल्ह्यात तर खान तुळजापुरावरून गेल्याची आठवण घरोघर आहे. त्यामुळे इथला मुलगा इतिहासाला पहिल्यांदा भेटतो तो आरोपी म्हणून. पुढे तो शिकतो, वाचतो, त्याला कळते की स्वराज्याच्या बाजूने मुसलमान लढले आणि विजापूरकरांच्या बाजूने मराठे लढले. पण हे कळेपर्यंत तो पंचविशीत आलेला असतो. चौदा ते अठरा या वयात त्याच्या हाती काय असते?

या वयाला युद्धाची कारणमीमांसा नको असते. त्याला भुते हवी असतात, चेटकिणी हव्या असतात, पडका किल्ला हवा असतो आणि त्या किल्ल्यात कुणीतरी कुणावर जीव टाकलेला हवा असतो. हॅरी पॉटर मराठीत आला आणि आपल्याही घरांत वाचला गेला, तो यामुळेच. ही भूक परक्या देशातल्या जादूशाळेवर भागवली जाते याचे वाईट वाटते, कारण ती भागवण्याचे साहित्य आपल्या उंबऱ्यात पडून आहे. त्यातल्या दोन पुस्तकांविषयी इथे लिहितो.

पहिले पुस्तक इंग्रजीत आहे. फिलिप मेडोज टेलर यांची 'तारा' ही कादंबरी १८६३ साली प्रसिद्ध झाली. टेलर मूळचे लिव्हरपूलचे. पोरवयात हिंदुस्थानात आले आणि निजामाच्या नोकरीत शिरले. १८५३च्या तहाने निजामाचे काही जिल्हे इंग्रजांकडे गेले, त्यात नळदुर्गचा जिल्हा होता, आणि त्याचा कारभार टेलरकडे आला. १८५७ सालापर्यंत ते इथे होते. 'ठगाच्या कबुलीजबाबा'मुळे (१८३९) त्यांचे नाव विलायतेत आधीच झालेले होते. त्यांची पत्नी मेरी ही हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांची मुलगी, आणि पामर यांची आई फैजबक्ष बेगम ही मुघल घराण्यांशी नाते सांगणारी खानदानी मुस्लिम स्त्री. म्हणजे दोन धर्मांची माणसे एका दस्तरखानावर बसतात तेव्हा काय होते, हे या साहेबाला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

'तारा'ची गोष्ट १६५७च्या सुमारास सुरू होते. तुळजापूरच्या देवळातले विद्वान पुजारी व्यासशास्त्री यांची तारा ही मुलगी. बालपणी लग्न झालेले, बालपणीच वैधव्य आलेले. तिच्यावर देवीची कृपा होते आणि ती देवीला वाहिलेली मुरळी बनते. तिच्यावर डोळा ठेवणारा मोरो त्रिमल, त्या मोरोवर जीव असलेली आणि म्हणून ताराचा मत्सर करणारी गंगा मुरळी, अफजलखानाच्या फौजेचा देवळावरचा हल्ला, त्या धुमाळीत ताराची सुटका करणारा खानाचा मुलगा फाजील. पुढे ती खानाच्या कुटुंबात राहते, फाजीलची बहीण झैना तिची मैत्रीण होते, प्रतापगड घडतो, ताराला चितेपर्यंत नेले जाते आणि तिथून फाजील तिला काढतो. शेवट लग्नात होतो.

टेलरसाहेबांची एक चूक आधी सांगून टाकतो. मुरळी खंडोबाची; तुळजाभवानीच्या दारी आराधी असतात. हा फरक आपल्या भागातले शेंबडे पोरही सांगेल. जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्याला तो कळू नये याची गंमत वाटते.

पण कादंबरीचा खरा जीव या देवीच्या संचारात आहे. प्रत्यक्ष भुते तिच्यात फारशी नाहीत. अंगात येणे, शकुन, नवस, ग्रह यांचाच वावर अधिक. सोळा वर्षांच्या आसपासची विधवा मुलगी. घरात तिला बोलण्याची जागा नाही. बापाने मुलासाठी दुसरी बायको, राधा, आणलेली, आणि ती राधा मोरो त्रिमलची बहीण. अशा घरात मुलीच्या अंगात देवी येते तेव्हा पहिल्यांदाच सगळे तिचे ऐकून घेतात. टेलर याची थट्टा करत नाहीत, त्याला ढोंगही म्हणत नाहीत. आपल्याकडे एखाद्या मुलीला 'जिन लागतो', घरचे आमिलाकडे धावतात, तावीज होतो, दर्ग्याची हाजरी होते. ती मुलगी त्या अवस्थेत जे बोलते ते एरवी तिला बोलू दिले असते का, हा प्रश्न आपल्या किती कथाकारांनी घेतला? एका इंग्रज अधिकाऱ्याने दीडशे वर्षांपूर्वी तो, नकळत का होईना, घेतला होता.

दुसरे पात्र लुर्ली खानम. खानाची ही बायको सतत ग्रह पाहत असते. कोण कुणाला अनुकूल, कोणता दिवस वाईट, हेच तिचे जग. टेलर तिला विनोदासाठी वापरतात, पण तिच्यावर मायाही करतात. विजापूरजवळ 'साठ कबर' नावाची जागा आहे. मोहिमेवरून तू परत येणार नाहीस असे ज्योतिषाने सांगितल्यामुळे खानाने आपल्या बायकांना ठार केले आणि त्यांच्या या कबरी, अशी दंतकथा आहे. दंतकथेत ज्योतिषी बोलतो आणि बायका मरतात. 'तारा'त बायकोच ग्रह वाचते, आणि खान मरतो. टेलरांनी हे जाणून केले की आपसूक झाले, सांगता येत नाही. मला मात्र या उलटापालटीत कादंबरीकाराचा हात दिसतो.

टेलर स्वतःही अशा गोष्टींपासून दूर नव्हते. त्यांच्या आत्मचरित्रात एक प्रसंग आहे. लांबच्या कूचानंतर तंबूत असताना त्यांना विलायतेतली, मनात जपलेली स्त्री समोर उभी दिसली. मला जाऊ देऊ नकोस असे ती विनवत होती आणि मग नाहीशी झाली. त्यांनी वडिलांना पत्र लिहून विचारले, अजून आशा आहे का. उत्तर आले की उशीर झाला, तिचे लग्न झाले, आणि तेही नेमके त्याच दिवशी. शोरापूरच्या राजाचा मृत्यू ज्योतिषाने आधी वर्तवला होता, हेही त्यांनी नोंदवले आहे. म्हणजे कारभाराचे कागद लिहिणारा हा माणूस रात्री वेगळ्याच हिशेबात जगत होता. 'तारा'तले अद्भुत म्हणूनच उसने वाटत नाही.

दोष आहेत, आणि ते लहान नाहीत. तुळजाभवानीचे टेलरकृत रूप रक्ताला हपापलेले आहे. ठगांच्या चौकशीत बसलेला अधिकारी तिथे लेखकाच्या खांद्यावरून वाकून पाहतो. शिवाजी महाराजांच्या बाजूची माणसे बहुतेक कारस्थानीच दिसतात. आणि फाजील? तो देखणा, शूर, निष्ठावान आहे, पण त्याच्यात एकही कोपरा अंधारा नाही. मान खाली घालणाऱ्या आपल्या मुलाला असा फाजील सुखावेल हे खरे. पण खलनायकाच्या जागी निष्कलंक नायक बसवला तर फक्त पाटी बदलते. शिवाय ताराला दर वेळी कुणीतरी उचलून न्यावे लागते, आधी मोरोने, मग फाजीलने. आजच्या सोळा वर्षांच्या वाचक मुलीने यावर नाक मुरडले तर मी तिच्या बाजूचा.

आणखी एक गोष्ट दडवण्यात अर्थ नाही. मुस्लिम तरुण आणि पुजाऱ्याची मुलगी, ही प्रेमकथा आज लिहिली तर पुस्तकाचे परीक्षण होणार नाही, लेखकाची चौकशी होईल. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रतापगडच्या पायथ्याशी खानाच्या कबरीभोवतीची बांधकामे प्रशासनाने पाडली, त्या दिवसांत गावोगावच्या चहाच्या टपरीवर जे बोलले गेले ते आपण ऐकले आहे. अशा हवेत किशोरांसाठी असे काही लिहायला धीर लागतो. १८६३ साली विलायतेत तो लागला नव्हता.

आता दुसरे पुस्तक. टेलरांच्या गोष्टीचे वर्ष १६५७. त्याच वर्षी, त्याच विजापूर दरबारात, नुस्रती नावाचा कवी दखनीत 'गुलशन-ए-इश्क' ही मसनवी लिहीत होता. फाजील नावाचा तरुण खरोखर त्या शहरात फिरत होता तेव्हाची ही गोष्ट. मसनवीचा नायक कुंवर मनोहर, नायिका मधुमालती. दोन्ही नावे पाहा. कथा मूळची उत्तरेकडची. मंझन या सूफी कवीने ती १५४५ साली अवधीत सांगितली होती. परी झोपलेल्या राजपुत्राला पलंगासकट उचलून राजकन्येच्या महालात नेतात, सकाळी तो पुन्हा आपल्या घरी. वाटेत राक्षस आहे, त्याने कोंडलेली दुसरी राजकन्या आहे. आणि मधुमालतीची आई, मुलीचे प्रेम कळल्यावर, मंतरलेले पाणी शिंपडून तिला पक्षी करून टाकते. चेटकीण जंगलात नसते, घरातच असते आणि ती आई असते: हे किशोरवाचकाला यापेक्षा नेमके कुणी सांगितले आहे? विजापूरचा मुसलमान कवी हिंदू राजपुत्राची प्रेमकथा सांगतो आणि सुलतान ती कौतुकाने ऐकतो, यात त्या काळी कुणालाच वावगे वाटले नाही.

मराठीतही हा झरा आला होता. 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणायला घेतल्या. हातिमताई, गुलबकावली घरोघर वाचली गेली. 'मुक्तामाला' (१८६१), 'मंजुघोषा' (१८६८) या आरंभीच्या कादंबऱ्यांवर त्या अद्भुताची सावली आहे. नाथमाधवांच्या 'वीरधवल'पर्यंत ती पोचते. मग ऐतिहासिक कादंबरी स्वतंत्र वाटेने गेली. हरिभाऊंच्या 'वज्राघात'मध्ये रामराजा आणि मेहेरजान यांचे प्रेम आहे, पण एकूण वाटेवर तलवारीच फार. जिन आणि परी बालवाङ्मयात गेल्या, सरदार आणि खान मोठ्यांच्या कादंबरीत. आपले मनुष्यपण या दोन कप्प्यांच्या मध्ये सांडले.

भुतांच्या जगातसुद्धा आपली सोय लागलेली आहे. मुंजा ब्राह्मणाचा, आणि खवीस? कोश उघडा: मुसलमानाचे भूत. शब्दच अरबी 'खबीस'वरून आलेला. मराठी भयकथेत खवीस येतो तो भला मोठा, दांडगा, विनाकारण क्रूर. त्याला आई नाही, मोहल्ला नाही, तो कशाने मेला हे कुणी विचारत नाही.

आपल्या लेखकांना दोष देताना थोडे थांबतो. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा प्रश्न निकडीचे होते. तलाक, दंगल, गरिबी, ओळख. त्या काळात परीकथा लिहिणे म्हणजे घर जळताना रांगोळी काढणे वाटले असते. कविता आणि आत्मकथन यांनी ते काम केले, नेटाने केले. पण त्या लेखकांची नातवंडे आता तेरा-चौदा वर्षांची आहेत आणि ती आत्मकथने वाचत नाहीत. काही घरांत जादू म्हणजे सिहर, म्हणून असली पुस्तके नकोत असाही आक्षेप येतो. जिनांच्या नावाची एक सूरा कुरआनात आहे, आणि अमीर हमजाच्या दास्तानीतले तिलिस्म ऐकत आपल्या पिढ्या वाढल्या. जादू करणे वेगळे, तिची गोष्ट ऐकणे वेगळे, हा विवेक त्यांच्यापाशी होता.

'तारा'चा मराठीत संक्षेप करायचा झाला तर दरबारी कारस्थानांची लांबण कापावी लागेल, देवीचे चित्र तळटीप देऊन दुरुस्त करावे लागेल, मुरळीच्या जागी काय म्हणायचे ते तुळजापूरच्या एखाद्या म्हाताऱ्या आराधिणीला विचारावे लागेल. ताराच्या अंगात देवी येते तो भाग आणि झैनाशी तिची मैत्री, एवढे मात्र शब्दालाही हात न लावता ठेवावे. स्वतंत्र लिहायचे असेल तर नळदुर्गच्या किल्ल्यात पावसाळ्यात जावे. बोरी नदीवर इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३च्या सुमारास बांधलेला बंधारा आहे, आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल. नर आणि मादी असे दोन धबधबे वरून कोसळतात आणि आतल्या दालनात माणूस कोरडा उभा राहून पाण्याची मागची बाजू बघतो. शाळेच्या सहली तिथे येतात. मुले तिथे पोचल्याबरोबर एकमेकांना भुताच्या गोष्टी सांगू लागतात, आणि त्या गोष्टींत खवीस असतोच.