वगळलेली पाने

हिरोशिमा शहराच्या शिक्षण मंडळाने फेब्रुवारी २०२३ मध्ये शांतता-शिक्षणाच्या पुस्तिकेतून केइजी नाकाझावा यांच्या ‘हादाशी नो गेन’, म्हणजे ‘अनवाणी गेन’, या चित्रकथेचा उतारा वगळण्याचे ठरवले. तिसरीच्या मुलांसाठीच्या या उताऱ्यात दोन प्रसंग होते. घरात पैसा नाही म्हणून गेन धाकट्या भावाबरोबर रस्त्यावर रोक्योकु गातो. आणि आईच्या पोटात काही जावे म्हणून तळ्यातला कार्प मासा चोरायला जातो. रोक्योकु म्हणजे शामिसेनच्या साथीवर कथा गाऊन सांगण्याची कला, आपल्या पोवाड्याच्या जवळपासची. मंडळाचे म्हणणे असे की, ती आजच्या मुलांना कळत नाही आणि चोरीच्या प्रसंगाने त्यांचा गैरसमज होऊ शकतो. गदारोळ बराच झाला, निर्णय टिकला.

पहिले कारण शिक्षकांच्या तोंडी शोभत नाही. मुलांना न कळणारे कळावे म्हणून तर शाळा. दुसऱ्या कारणापाशी मात्र थांबावे लागते, कारण या कृतीचे मर्म तिथेच आहे. हे दोन्ही प्रसंग बॉम्ब पडण्यापूर्वीचे आहेत. अणुबॉम्ब हा आभाळातून कोसळलेला अनर्थ म्हणून शिकवता येतो, भूकंप शिकवावा तसा. भुकेचे तसे नाही. घरातले अन्न गेले कुठे, हा प्रश्न आठ वर्षांचे मूलही विचारते. त्याचे उत्तर द्यायचे तर युद्धखोर सरकारबद्दल बोलावे लागते. युद्धाला विरोध केला म्हणून गेनच्या वडिलांना तुरुंगात टाकणाऱ्या पोलिसांबद्दल आणि त्या कुटुंबाला देशद्रोही ठरवणाऱ्या शेजाऱ्यांबद्दलही.

नाकाझावांचा जन्म १९३९चा. बॉम्ब पडला तेव्हा ते सहा वर्षांचे होते. शाळेच्या भिंतीचा आडोसा मिळाला म्हणून वाचले. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ कोसळलेल्या घराखाली अडकून आगीत गेले. १९६६ साली आई वारली. दहनानंतर तिच्या अस्थीदेखील धड उरल्या नव्हत्या. किरणोत्साराने तेवढेही ठेवले नाही, या संतापातून ते या विषयाकडे वळले. १९७३ साली ‘गेन’ सुरू झाली ती एका लोकप्रिय मुलांच्या साप्ताहिकात; पुढे तिला इतर नियतकालिकांचा आसरा घ्यावा लागला, त्यांत शिक्षक संघटनेचे एक होते. पुस्तकरूपाने तिचे दहा खंड झाले.

दोष आहेतच. पानोपानी ठोसे, मोठाली आसवे, मध्येच विनोद, मध्येच गाणे. उत्तरार्धात तर पात्रे बोलण्याऐवजी भाषणे देतात. जपानी सैन्याच्या अत्याचारांची चित्रे पाहून मात्सुए शहरातील शिक्षणाधिकाऱ्यांनी २०१२च्या डिसेंबरात ही पुस्तके शाळांतून सहज मिळू नयेत अशी व्यवस्था करायला सांगितले. पुढच्या ऑगस्टमध्ये ते मागे घ्यावे लागले. पण शेजारच्या कोरियन पाक यांच्या वडिलांना, केवळ कोरियन म्हणून, उपचार नाकारले जातात तो भाग वाचावा. बळी पडलेला देश स्वतःही बळी घेत होता, हे इतक्या थोड्या रेघांत सांगणारे बालसाहित्य मला दुसरे माहीत नाही. त्याच्या शेजारी सादाको सासाकीची कागदी सारसांची गोष्ट ठेवली की फरक कळतो. एलिनॉर कोअर यांच्या १९७७च्या पुस्तकात सादाको ६४४ सारस करून मरते, उरलेले वर्गमित्र करतात. प्रत्यक्षात तिने हजाराचा आकडा केव्हाच ओलांडला होता. हजार झाले, तरी ती गेली. कादंबरीला हे सोसवले नाही.

‘गेन’वरून एवढा वाद झाला, पण त्याच फेरफारात माध्यमिकच्या पुस्तिकेतून ‘दाइगो फुकुर्यु मारू’ या मासेमारी बोटीचा उल्लेखही गेला, त्याची चर्चा त्या मानाने फारच कमी झाली. मला ते नुकसान मोठे वाटते. १ मार्च १९५४ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. अंदाज साधारण सहा मेगाटनांचा, स्फोट झाला पंधराचा. जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर असूनही बोटीवरच्या २३ जणांवर किरणोत्सारी राख पडली. आइकिची कुबोयामा सप्टेंबरात दगावले. तोक्योतल्या सुगिनामी भागात गृहिणींचे वाचनमंडळ आणि मासळीविक्रेते यांनी सह्यांची मोहीम धरली आणि १९५५च्या ऑगस्टपर्यंत देशभरातल्या सह्या तीन कोटींवर गेल्या. इकडे २ एप्रिल १९५४ला नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवण्याचा करार सुचवला. १९६३ साली मॉस्कोत चाचण्यांवरचा अंशतः बंदीचा करार झाला. हवेतल्या, पाण्याखालच्या आणि अवकाशातल्या चाचण्या बंद, भूगर्भातल्या चालू. भारताने त्यावर सही केली होती, आणि १९७४ साली पोखरणला स्फोट घडवला तो जमिनीखाली.

चुकलेला हिशेब, एक बोट, वाचनमंडळ, सह्या, संसदेतले भाषण आणि अखेर पळवाट ठेवलेला करार: अण्वस्त्रांचे धोरण कसे घडते आणि लोकांच्या रेट्याने ते कितपत वाकते, हे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला समजवायला याहून सोपा धागा नाही. साक्षीदारांच्या आठवणींनी मूल हळहळते, ते हवेच; पण या धाग्याने ते विचारू लागते की, सही कोणाची होती आणि भूगर्भ का सोडला.

बोट शिल्लक आहे. नंतर ती तोक्योच्या यूमेनोशिमा या कचराभरावाच्या जागी टाकून दिलेली सापडली. लोकांनी मागणी लावून धरली, आणि १९७६ साली तिथेच तिच्यासाठी प्रदर्शनगृह उघडले. शाळांच्या सहली तिथे जातात.