पोड, तांडा, बेडा आणि शाळा : आत्मकथनांतील मुलाचा विचार

‘उपरा’ (१९८०), ‘उचल्या’ (१९८७) आणि ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) या तीन आत्मकथनांवर मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्यांतील अनुभवाची दाहकता, निवेदनाचा रोखठोकपणा, बोलीचा वापर आणि जातपंचायतीचे चित्रण या अंगांची चर्चा आता अपरिचित राहिलेली नाही. परंतु या ग्रंथांचा फार मोठा भाग ही एका लहान मुलाची हकिकत आहे, या अगदी साध्या गोष्टीकडे समीक्षेचे जावे तितके लक्ष गेलेले नाही. समाजाचा प्रतिनिधी म्हणून आपण निवेदकाचे स्वागत केले. शाळेच्या दारात उभे असलेले मूल म्हणून त्याचा विचार केला नाही. प्रस्तुत लेखात तो करावयाचा आहे. मुलाचे रक्षण आणि मुलाचे बोलणे या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

या विचारासाठी यवतमाळ जिल्ह्याची भूमी विशेष अनुकूल आहे. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या भागांत कोलामांचे पोड आहेत. पुसद, दिग्रस, दारव्हा या बाजूस बंजारा समाजाचे तांडे आहेत. आणि गावाच्या कडेला पारध्यांचे बेडे आहेत. वस्तीला तीन निरनिराळे शब्द आहेत, आणि त्या शब्दांमागे निरनिराळ्या भाषाही आहेत. कोलामी ही द्राविड कुळातील भाषा असून अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी वर्ध्याकडील कोलामीच्या आधारे तिच्यावर १९५५ साली स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. बंजारा समाजाची गोरबोली राजस्थानी भाषांना जवळची, तर पारधी बोलीचे नाते गुजरातीशी. यांत गोंडी आणि वऱ्हाडी यांची भर घातली, म्हणजे पहिलीच्या एका वर्गात केवढे भाषावैचित्र्य एकत्र येऊ शकते याची कल्पना येईल. पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी ही यांपैकी कोणत्याच मुलाच्या घरची भाषा नव्हे.

मराठी वाङ्मयात मुलाच्या रक्षणाची जी कल्पना रुजली आहे, तिचा मोठा आधार ‘श्यामची आई’ हा ग्रंथ होय. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात तो लिहिला. तेथे मूल सुरक्षित आहे ते आईच्या मायेमुळे. घरात दारिद्र्य आहे, अपमानही आहे. परंतु घर हे मुलाच्या बाजूचे आहे, याविषयी शंका नाही. या ग्रंथाचे मोठेपण वादातीत आहे. प्रश्न आहे तो एवढाच की, त्यातून आपण संस्कार ही एकच कसोटी उचलली आणि मूल म्हणजे संस्कार घेणारे पात्र, असे मानू लागलो. घेणाऱ्याने काही सांगावयाचे असते, हे त्या कल्पनेत बसत नाही.

वर उल्लेखिलेली तीन आत्मकथने ही कल्पना मोडून काढतात. ‘उपरा’मध्ये लक्ष्मण माने यांनी रेखाटलेल्या कैकाडी कुटुंबाचा संसार गाढवाच्या पाठीवर आहे, मुक्काम हलला की शाळाही सुटते. मुलाने शिकावे हा बापाचा हट्ट आहे, पण पोटाची वाट आणि शाळेची वाट एका दिशेने जात नाहीत. ‘उचल्या’मध्ये लक्ष्मण गायकवाड यांनी असे घर दाखविले आहे की, ज्यात पोलीस केव्हाही शिरू शकतात. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ साली आला आणि १९५२ साली रद्द झाला. पण कायद्याने पुसलेला शिक्का व्यवहारात पुसला गेला नव्हता. त्याच ग्रंथात, हा मुलगा शाळेत जाऊ लागल्यामुळेच वस्तीत रोगराई आली, अशी समजूत त्याची जातभाऊ मंडळी करून घेतात. ‘कोल्हाट्याचं पोर’ या ग्रंथाच्या लेखकाच्या नावातच वडिलांच्या जागी आईचे नाव आहे. किशोर शांताबाई काळे हे नाव म्हणजे, शाळेच्या नोंदवहीतील एका रकान्याला दिलेले उत्तर होय, असे म्हणावयास हरकत नाही.

या तिन्ही ठिकाणी मुलाला शाळेत प्रवेश मिळालेला आहे, समावेश मात्र झालेला नाही. या दोन शब्दांतील अंतर समीक्षेने नीट लक्षात घ्यावे. प्रवेश हा नोंदवहीत होतो. समावेश व्हावयाचा, तर मुलाचे बोलणे तेथे कोणाला तरी कळले पाहिजे, आणि कळल्यावर काही घडले पाहिजे. मार खाल्लेले, उपाशी आलेले किंवा भेदरलेले मूल जर ते कोणाला सांगू शकत नसेल, तर पटावर त्याचे नाव असून उपयोग काय?

याच्या उलट बाजूचे उदाहरण विदर्भातच मिळते. कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’ (१९८१) या पुस्तकातील संस्कृत शिकण्याची हकिकत सर्वपरिचित आहे. नागपुरातील एका अस्पृश्य मानलेल्या घरातील मुलीला ज्या सनातनी वळणाच्या गुरुजींची धास्ती वाटत होती, त्याच गुरुजींनी तिला आपुलकीने शिकविले. या प्रसंगाचा अर्थ ‘एक चांगला माणूस भेटला’ एवढाच घेणे पुरेसे नाही. त्या मुलीचे भवितव्य एका व्यक्तीच्या सद्‍भावावर टांगलेले होते, हे त्यातील भयंकर सत्य आहे. गुरुजी दुसऱ्या स्वभावाचे असते तर काय झाले असते? मुलांची सुरक्षितता सुदैवावर सोपवावयाची नसेल, तर सद्‍भावाचे रूपांतर रीतीत व्हावे लागते.

या आत्मकथनांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एक तर ती तरून गेलेल्यांनी लिहिलेली आहेत. ज्यांची शाळा दुसऱ्या इयत्तेतच सुटली, त्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत. दुसरे असे की, येथे मुलाचे दुःख प्रौढाच्या शब्दांत आणि पुष्कळ वर्षांनंतर येते. त्या वेळी त्या मुलाजवळ ते शब्द नव्हते. तिसरे म्हणजे, प्रारंभी घेतलेले तिन्ही ग्रंथ पुरुषांचे आहेत; तांड्यावरची किंवा बेड्यावरची मुलगी त्यांत दिसली तरी स्वतः बोलत नाही. या मर्यादा विसरून आपण ‘इतके सोसूनही तो मोठा झाला’ अशी प्रशंसा करतो, तेव्हा नकळत सोसण्यालाच शिक्षणक्रमात स्थान देतो. ही वाचनाची चूक आहे आणि ती वाङ्मयापुरती राहत नाही.

आता एका निराळ्या प्रकारच्या संहितेकडे वळू. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यातील सतराव्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे. एकोणतिसाव्या कलमात मुलाला भीतीपासून मुक्त करणे, त्याला आपले मत मोकळेपणी मांडण्यास साहाय्य करणे आणि शक्य तेथवर मातृभाषेतून शिकविणे या गोष्टी एकत्र आल्या आहेत. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याचे एकोणिसावे कलम तर याहून स्पष्ट आहे : मुलाने दिलेली माहिती त्याला समजेल अशा सोप्या भाषेत नोंदवावी, आणि नोंदीची भाषा त्याला कळत नसेल तर दुभाषा द्यावा. भीती, अभिव्यक्ती आणि मातृभाषा यांचा परस्परसंबंध आमच्या समीक्षेला दिसावयाचा होता, तो कायद्याच्या रूक्ष भाषेत आधी उमटला.

परंतु कायद्याला दुभाषा आठवतो तो अपराध घडून गेल्यावर. निवासी आश्रमशाळेत राहणारे कोलाम मूल आपल्या पोडापासून दूर असते. तेथे रात्री पोट दुखले, कोणी धमकावले, कोणी नको तसा स्पर्श केला, तर ते सांगण्यासाठी त्याच्या भाषेत समजणारा माणूस आधीपासून तेथे असावयास हवा. २०१६ साली बुलढाणा जिल्ह्यातील पाळा येथील आश्रमशाळेतील अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा सर्व महाराष्ट्र हादरला. त्या हादऱ्यातून तपासण्या आणि समित्या निघतात. ऐकणारा माणूस मात्र रोजच्या व्यवहारातूनच निर्माण होतो.

येथे असा आक्षेप घेण्यात येईल की, हा विषय शिक्षणशास्त्राचा किंवा समाजकार्याचा आहे. मराठी विभागाचा त्याच्याशी काय संबंध? त्यास उत्तर असे की, कोण बोलतो, कोणाच्या भाषेत बोलतो, ऐकणारा कोण आहे आणि गाळले काय गेले, हे प्रश्न विचारणे हाच समीक्षेचा व्यवसाय आहे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे भरलेल्या ब्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्‍घाटन आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते झाले. ज्यांच्याविषयी लिहिले जाते त्यांनी स्वतः बोलावे, हे तत्त्व तेथे मान्य झाले. त्याच घरातील मुलाला ते तत्त्व लागू करण्यास अडचण नसावी.

शेवटी, हा प्रश्न आपल्या दारापर्यंतही येतो. बोलीभाषा, लोकगीते, खेळगाणी यांच्या संकलनासाठी आपले विद्यार्थी पोडावर, तांड्यावर, बेड्यावर जातात, आणि गाणी सांगावयास बहुधा मुलेच पुढे येतात. अशा वेळी संशोधक हाही त्या मुलांच्या दृष्टीने शाळेतून आलेला एक मोठा माणूसच असतो. म्हणून आईवडिलांची संमती घ्यावी, पण तेवढ्यावर न थांबता मुलाची इच्छाही विचारावी; त्याला एकटे बाजूला घेऊन बसू नये; त्याचे नाव व छायाचित्र प्रबंधात छापू नये; गाणे सांगता सांगता त्याने काही दुःख सांगितले, तर ते टिपणवहीत सामग्री म्हणून न ठेवता, त्याला साहाय्य करू शकेल अशा जबाबदार माणसापर्यंत त्याच दिवशी पोहोचवावे; आणि गोष्ट अत्याचाराची असेल, तर ती पोलिसांना कळविणे २०१२ च्या कायद्याने बंधनकारक आहे, हे विसरू नये. मुलाने ‘नाही’ म्हटले, तर त्या दिवसाची वही कोरी राहिली तरी चालेल.