मावंदे आणि प्रवासवर्णन

मराठीतील प्रवासवर्णनांविषयी आजवर जे लिहिले गेले आहे, त्यात बहुधा दोनच गोष्टींची चर्चा आढळते. लेखकाने काय पाहिले, ही एक. आणि पाहिलेले त्याने कोणत्या शैलीने सांगितले, ही दुसरी. स्थलवर्णन, व्यक्तिचित्रण, विनोद, काव्यात्मता अशा निकषांवर पुस्तके तोलली जातात व त्यांची प्रतवारी लावली जाते. लेखक घरी परत आला, ही गोष्ट मात्र टीकाकार गृहीत धरतात. वस्तुतः जो परत आला नाही त्याने प्रवासवर्णन लिहिले तर ते पत्र होईल, वार्तापत्र होईल. प्रवासवर्णन होणार नाही. या वाङ्मयप्रकाराचे मोल त्याच्या परतीच्या टोकावरून ठरवले पाहिजे, असे आमचे मत आहे. तीन जुन्या मराठी ग्रंथांच्या आधाराने ते येथे मांडावयाचे आहे.

हे मत आम्ही कोठून उसने आणलेले नाही. आपल्या समाजात काशीयात्रा करून आलेला मनुष्य घरी मावंदे घालीत असे, व अजूनही काही घरी ते घातले जाते. गंगेचे पूजन व्हावे, आप्तेष्टांना व शेजाऱ्यापाजाऱ्यांना जेवू घालावे, तीर्थ वाटावे, आणि मगच यात्रा पुरी झाली असे समजावे, हा शिरस्ता. यात्रा काशीला संपत नाही, ती घराच्या ओसरीवर संपते, हे त्यातील मर्म. जो गेला नाही त्याचाही यात्रेत वाटा असतो. कारण त्याने मागे राहून घर, शेत, गुरेढोरे सांभाळली म्हणून दुसऱ्याला जाता आले. प्रवासवर्णन हे या अर्थाने लेखकाने मराठी वाचकाला घातलेले मावंदे होय. पंगतीत कोणते पदार्थ होते, हे विचारण्याआधी यजमानाने तीर्थ आणले होते की नाही, हे पाहावयास हवे.

पहिला ग्रंथ अर्थातच विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. गोडसे भटजी पेणजवळच्या वरसई गावचे. आजच्या अर्थाने ते परदेशस्थ नव्हेत हे उघड आहे. परंतु कोकणातील एका भिक्षुकाला त्या काळी माळवा आणि बुंदेलखंड हा परमुलूखच होता. घरचे दारिद्र्य व कर्ज फेडावे, बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळवावी, या साध्या हेतूने ते १८५७ साली चुलत्याबरोबर निघाले. महूच्या आसपास त्यांना बंडाची खबर लागली, आणि पुढे त्यांचा सारा प्रवासच त्या वणव्यातून झाला. १८५८ मध्ये झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. कत्तल, लूट, ग्रंथसंग्रहाचा विध्वंस, हे सारे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. मिळालेले द्रव्य वाटेत लुटले गेले. शेवटी काशीयात्रा करून ते वरसईला परतले, तेव्हा त्यांच्यापाशी सांगण्यासारखे धन होते ते गंगेच्या पाण्याचे. त्या गंगोदकाने त्यांनी आईबापांना स्नान घातले.

या ग्रंथाकडे आपण आजवर मुख्यतः इतिहासाचे साधन म्हणून पाहिले. तो तसा आहेही. त्यातील ऐकीव भाग कोणता व देखता कोणता, ही छाननी इतिहासकारांनी केलीच पाहिजे. परंतु वाङ्मय म्हणून त्याची जी शक्ती आहे, ती झाशीच्या प्रकरणांत जितकी, तितकीच या परतीच्या प्रसंगात आहे. ज्या कामासाठी मनुष्य घराबाहेर पडला ते काम फसले. द्रव्याचे ऋण फेडता आले नाही. मातापित्यांचे ऋण मात्र, ज्या रीतीने त्यास शक्य होते त्या रीतीने, त्याने फेडले. हा शेवट डोळ्यांपुढे ठेवून ग्रंथ मागे वाचीत गेले, म्हणजे झाशीचा संहारही वेगळा दिसू लागतो. ही कहाणी कोणा शिपायाने किंवा मुत्सद्द्याने सांगितलेली नाही. घरी पोहोचण्यापलीकडे कसलीच महत्त्वाकांक्षा न उरलेल्या गृहस्थाने ती सांगितली आहे, म्हणूनच तीत फुशारकी नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. भटजींनी ही हकीकत परत येताच लिहिली नाही. चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून १८८३ साली त्यांनी ती लिहून काढली, आणि ती छापून निघाली ती १९०७ साली, त्यांच्या पश्चात. वैद्यांनी त्या वेळी मजकुरावर संस्कार केले. दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ पाठ प्रसिद्ध केला, तेव्हा भटजींची स्वतःची भाषा वाचकांपुढे आली. म्हणजे हे मावंदे पानावर वाढले जाण्यास अर्धे शतक लागले, आणि त्याचा मूळ स्वाद कळण्यास एक शतकाहून अधिक. मधल्या काळात अमृतलाल नागर यांनी ते हिंदीत नेले. आमच्यासारख्या हिंदी मुलखात राहणाऱ्या मराठी शिक्षकाला ही गोष्ट विशेष समाधानाची वाटते. कारण ज्या प्रदेशात भटजी लुटले गेले, त्या प्रदेशाच्या भाषेलाही त्यांच्या तीर्थाचा वाटा पोहोचला.

दुसरा ग्रंथ पंडिता रमाबाईंचा, ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. तो १८८९ साली प्रसिद्ध झाला. रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तेथून १८८६ मध्ये, आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी, त्या अमेरिकेस गेल्या व तेथे सुमारे तीन वर्षे राहिल्या. जपानमार्गे १८८९ च्या आरंभी त्या मुंबईस परतल्या. परदेशात एवढा दीर्घ काळ राहून, तेथील लोकस्थितीचा अभ्यास करून मराठीत लिहिणारी स्त्री त्यांच्यापूर्वी आम्हांस आढळत नाही. राज्यव्यवस्था, शिक्षण, स्त्रियांची स्थिती, त्यांच्या संस्था, यांची पद्धतशीर मांडणी या ग्रंथात आहे. अमेरिकेविषयी त्यांना आदर आहे, पण तो आंधळा नाही. तेथील मूळ रहिवाशांशी व कृष्णवर्णीयांशी झालेला अन्याय त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

रमाबाईंच्या परतीचे स्वरूप गोडसे भटजींच्या अगदी उलट आहे. भटजींना परतण्यास घर होते, रमाबाईंना नव्हते. त्यांचे बालपणच तीर्थयात्रा करणाऱ्या कुटुंबात, भ्रमंतीत गेले. १८७४ साली दुष्काळात आईबाप गेले, पुढे भाऊ गेला, १८८२ साली पती वारले. इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यामुळे स्वसमाजातील पुष्कळांनी त्यांना दार लावून घेतले. अशी स्त्री ‘घरी’ परतते म्हणजे कोठे परतते? या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधू नये, ते त्यांच्या कृतीत आहे. मार्च १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन उघडले. ज्यांना घर नाही अशा विधवा व अनाथ मुलींसाठी ते घर होते, आणि त्यासाठी अमेरिकेत १८८७ साली स्थापन झालेल्या मंडळाचे साहाय्य होते. ग्रंथ व सदन ही दोन्ही एकाच वर्षाची आहेत, हा योगायोग नव्हे. ग्रंथात जे तुलनेने सांगितले, ते सदनात करून पाहिले. परक्या देशाचे वर्णन करताना लेखिकेचा डोळा सतत आपल्या देशाच्या उणिवेवर आहे, म्हणून आकडे व माहिती यांनी भरलेली पृष्ठेही कोरडी वाटत नाहीत. काही ठिकाणी उपदेशाचा भार होतो, हे मान्य केले पाहिजे. तथापि हा भार घर बांधावयास निघालेल्या व्यक्तीच्या डोक्यावरचा आहे, हे वाचकाने विसरू नये.

ज्यांच्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या, त्या आनंदीबाई १८८६ च्या अखेरीस स्वदेशी परतल्या व २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निधन पावल्या. त्यांच्या हातून प्रवासाचा ग्रंथ होऊ शकला नाही. मागे राहिली ती पत्रे. परतीनंतर काही अवधी मिळणे हेही प्रवासवर्णनाचे एक भाग्यच असते, हे त्यांच्या उदाहरणाने मनावर ठसते.

तिसरा ग्रंथ धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ (१९२४). रूढ अर्थाने हे आत्मचरित्र आहे, परंतु त्याचा देह प्रवासाचा आहे. गोव्यातील साखवाळ गावचा, शालेय शिक्षण फारसे नसलेला हा तरुण बुद्धधर्माच्या जिज्ञासेने १८९९ साली पत्नी व लहान मुलगी मागे ठेवून निघतो. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश, आणि पुढे १९१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठ, असा त्याचा मार्ग. काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकणाऱ्या माणसाने पुढे अमेरिकेत ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीवर काम करावे, यात साहसकथेचा सारा मसाला आहे. कोसंबी मात्र तो मसाला वापरीत नाहीत. उपासमार, आजार, अपमान, यांची हकीकत ते जमाखर्चाच्या वहीप्रमाणे नोंदवतात. त्यांच्या गद्यावर रूक्षपणाचा आरोप करता येईल; आम्हांस तो रूक्षपणा सत्यनिष्ठेचाच एक प्रकार वाटतो.

कोसंबींच्या परतीचा खरा क्षण गोव्यात येत नाही. कलकत्त्यात त्यांना चांगल्या पगाराचे अध्यापनाचे काम मिळाले होते. ते सोडून, महाराष्ट्रात राहून मराठीत ग्रंथलेखन करावे म्हणून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे दरमहा ५० रुपयांचे साहाय्य त्यांनी पत्करले. पुढे पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली व मराठी वाचकाला बुद्धचरित्र दिले. बुद्धविचाराचे ज्ञान त्यांनी सिंहली, ब्रह्मी व इंग्रजी जगातून मिळवले. परंतु ते ज्याला वाढावयाचे तो पाहुणा मराठी होता, याविषयी त्यांच्या मनात संदेह नव्हता. हे भाषेचे ऋण होय. पत्नीचे व मुलीचे ऋण मात्र असे सहज फिटण्याजोगे नव्हते. ‘निवेदन’ वाचताना मागे राहिलेल्या त्या दोघींचे दुःख वाचकास ओळींमधून जाणवत राहते. मावंद्याच्या पंगतीत सर्वांत जवळच्या माणसाचे पान रिकामे राहावे, अशी काहीशी हुरहुर या ग्रंथाच्या वाचनाने लागते, आणि तीच त्याला थोर करते.

या तीन ग्रंथांशी नंतरचे प्रवासवाङ्मय ताडून पाहावे. अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) ने या प्रकाराला ललित रूप दिले. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ने (१९६०) तो घरोघरी नेला. ‘अपूर्वाई’त घर हे लेखकाबरोबरच फिरते, परमुलखातील प्रत्येक गोष्ट मध्यमवर्गीय मराठी ओसरीवरून पाहिली जाते, आणि विनोद त्यातूनच जन्मतो. ही मोठीच किमया आहे. परंतु तिचे अनुकरण करणाऱ्यांनी घराऐवजी घरच्या सवयी तेवढ्या बरोबर घेतल्या. चहा कसा मिळाला, थंडी किती वाजली, दुकानदार काय म्हणाला, यापलीकडे ते जात नाहीत. ते गेले तसेच परत आले. मग त्यांनी आपल्याला जेवावयास का बोलावले, हा प्रश्न उरतो.

यावर एक आक्षेप संभवतो. आज पुष्कळ मराठी कुटुंबे परदेशी कायमची स्थायिक झाली आहेत. उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झाले. मीना प्रभू यांचे ‘माझं लंडन’ हे तेथे राहून संसार केलेल्या लेखिकेचे पुस्तक आहे. विमानाने एका दिवसात येणे-जाणे होते, दूरध्वनीवर रोज बोलणे होते. मग ‘परत येणे’ ही कसोटी जुनी झाली नाही काय? आम्हांस तसे वाटत नाही. येणे-जाणे सुलभ झाले म्हणून परत येणे सुलभ झाले, असे नव्हे. उलट वर्षाकाठी तीन आठवड्यांसाठी येणारा मनुष्य पाहुणा म्हणून येतो व पाहुणा म्हणून जातो. घर बदलले हे त्याला दिसते, आपण बदललो हे दिसत नाही. ज्याची कायमची परत होणार नाही, त्याने लेखनात तरी ती पुरती करावी. ज्या भाषेत तो लिहितो, तीच त्याची ओसरी.

आम्ही बालाघाट जिल्ह्यातील खैरलांजी येथून हे लिहीत आहोत, म्हणून हा प्रश्न आम्हांस केवळ वाङ्मयीन वाटत नाही. हा जिल्हा एके काळी मध्यप्रांताच्या नागपूर विभागात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. शेजारचा भंडारा जिल्हा तेव्हाच्या द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. त्या दिवशी येथील मराठी माणूस घरचा उंबरा न ओलांडता परप्रांतस्थ झाला. सीमा सोयीसाठी आखल्या जातात आणि त्याविषयी कुरकुर करण्याचा आमचा हेतू नाही. आमच्या परिसरात पोवारी, हिंदी आणि मराठी एकाच अंगणात नांदतात, हे आम्ही वैभवच मानतो. मात्र येथून नागपूरला, पुण्याला किंवा त्याही पलीकडे गेलेला मुलगा सुटीत घरी येतो, तेव्हा तो कोणत्या भाषेत परत येतो, हे आम्ही शिक्षक बारकाईने पाहत असतो. घरच्या बोलीची लाज घेऊन आला, तर त्याचा प्रवास वाया गेला. तिच्याविषयी नवे कुतूहल घेऊन आला, तर त्याने गंगोदक आणले.

यास्तव अध्यापक-बंधुभगिनींना आमची एक सूचना आहे. ‘मी केलेला प्रवास’ हा निबंध आपण वर्षानुवर्षे देत आलो आहोत, आणि मुले गाडी, डोंगर, सूर्यास्त यांची ठरीव वर्णने लिहीत आली आहेत. यापुढे त्या विषयाला एक जोडप्रश्न द्यावा: घरी परतल्यावर तुला आपल्या गावात पूर्वी न दिसलेले काय दिसले, आणि जे घरी राहिले त्यांना तू काय दिलेस? साहित्य परिषदांनीही प्रवासवर्णनांचे परीक्षण करताना हाच प्रश्न लेखकांस विचारावा. गोडसे भटजींना, रमाबाईंना आणि कोसंबींना तो कोणी विचारण्याची गरज पडली नव्हती.