मास्तरांची वाडी आणि पार्वतीचे घर

दिवाळी जवळ आली की मला दोन प्रश्न हटकून ऐकू येतात. घरात, ‘चकल्या कोणत्या दिवशी करायच्या?’ आणि शाळेत, ‘गुरुजी, सध्या काय वाचता? सुटीत वाचण्याजोगे काही सांगा की.’ पहिल्या प्रश्नात माझे मत कोणी धरत नाही. दुसऱ्याला मात्र मी वर्षानुवर्षे एकच उत्तर देत आलो : ‘बनगरवाडी वाचा.’ यंदा ते उत्तर ओठावर आले आणि अडले. का अडले, ते सांगण्यासाठी हा लेख.

वाचकहो, मी विद्वान नव्हे. मॅट्रिकपलीकडे माझे शिक्षण गेलेले नाही आणि समीक्षेतले जड शब्द मला पेलत नाहीत. दोन-तीन कादंबऱ्या लिहिल्या, पोरांना शुद्धलेखन घातले आणि हाताला लागेल ते वाचले, एवढ्याच भांडवलावर बोलतो आहे.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ 1955 साली पुस्तकरूपाने आली. तेव्हापासून किती मास्तरांनी ती उशाशी ठेवली असेल! औंध संस्थानातल्या माणदेशी मुलखात, धनगरांच्या एका उजाड वाडीवर एक कोवळा मास्तर एकशिक्षकी शाळा चालवायला जातो. पोरे मेंढरांमागे गेलेली, शाळा बंद पडलेली. म्हातारा कारभारी त्याच्या पाठीशी उभा राहतो, हळूहळू शाळा भरते, वाडी एकजूट होऊन तालीम बांधते, खुद्द राजा तिथे येतो. आणि मग दुष्काळ पडतो. मेंढरे घेऊन माणसे जगायला बाहेर पडतात आणि मास्तरापुढे उरते ती ओस वाडी. एवढीच गोष्ट. पण माडगूळकर कुठे गळा काढत नाहीत. आनंदा रामोशी असो, दादू बालट्या असो, माणूस समोर येतो, बोलतो, उठून जातो. लेखक त्याच्यामागे धावून ‘पाहिलेत ना, किती भला होता!’ असे सांगत नाही. आम्हा मास्तर लोकांना हे फार अवघड. फळ्यावर लिहिलेले आम्ही तोंडाने पुन्हा सांगतोच.

नवा शिक्षक शाळेत रुजू झाला की मी माझी प्रत त्याच्या हाती देत असे. तिचा पुठ्ठा दोनदा बदलून झाला आहे.

यंदाच्या पावसाळ्यात ती प्रत सौ.ने हाती घेतली. पूर्वी कधी तरी वाचली होती, पण आता सावकाश वाचली. आणि एके रात्री मला म्हणाली, ‘अहो, त्या शेकूची बायको बैलाच्या जोडीने औताला खांदा देते, तिथे तुमच्या डोळ्यांत पाणी येते ना?’

‘येते तर.’

‘मग तिला काय वाटले हे तुमच्या मास्तरांनी तिला एकदा तरी विचारायचे होते. आणि ती अंजी. ती मास्तरांकरवी चोळी शिवून आणवते, त्यावरून कारभाऱ्याचे मन फिरते, मास्तरांचा जीव कासावीस होतो. सगळ्यांचे काय काय होते ते कळते. अंजीच्या मनात काय होते?’

मी तोंड उघडले ते कादंबरीची बाजू घ्यायलाच. म्हटले, मास्तर विशीतला, परगावचा, एकटा राहणारा. त्या काळी त्या वाडीवर त्याने कोणाच्या सुनेला ‘तुला काय वाटते’ म्हणून विचारले असते तर शाळा दुसऱ्या दिवशी बंद पडली असती. कादंबरी तोच सांगतो आहे. त्याला जेवढे दिसले तेवढेच तो सांगतो. हा दोष नव्हे, हा प्रामाणिकपणा आहे.

सौ. म्हणाली, ‘दोष कोण म्हणतेय? दिसले नाही एवढेच म्हणते.’ आणि कपाटातून रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ काढून तिने माझ्यापुढे ठेवली.

‘पाचोळा’ 1971 ची. माझ्या घरात ती कितीतरी वर्षे होती आणि मी ती ‘वाचली आहे’ अशा समजुतीत होतो. खरे म्हणजे दहा-बारा पाने चाळून ठेवली होती. मराठवाड्यातल्या खेड्याची बोली, तीही सबंध पुस्तकभर. डोळ्यांनी वाचू गेलो तर अडखळलो होतो. या वेळी सौ. भाजणीचे धान्य निवडीत बसली आणि मी मोठ्याने वाचू लागलो. पाचव्या पानाला माझा आवाज मला परका वाटेनासा झाला. ज्यांना ही बोली अवघड वाटते त्यांना माझे सांगणे एवढेच, की घरात कोणाला तरी वाचून दाखवा. हे पुस्तक कानाचे आहे.

गोष्ट गंगाराम शिंप्याच्या घरची, आणि सांगते त्याची बायको पार्वती. नवरा ताठ मानेचा. हातावर पोट असलेल्या माणसाला गावात तो ताठा किती दिवस परवडणार? पार्वतीला हे पहिल्यापासून कळते. कळते आणि थांबवता येत नाही. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला वाढत्या वयाचा मुलगा भारत, मध्ये ही. बाहेर गावात काय घडते त्यातले पुष्कळसे तिच्यापर्यंत ऐकीव येते. पण घरात नवरा कसा उठला, कसा बसला, ताटावरून कसा उठून गेला, यावरून तिला पुढचे सगळे समजते. शेवट मी सांगत नाही. नावातच सूचना आहे.

मला धक्का बसला तो इथे. मास्तरांना वाडीचा बांध, ओढा, तालीम, चावडी दिसते आणि घरे बाहेरून दिसतात. पार्वतीला घर आतून दिसते आणि गाव उंबऱ्यावरून दिसते. दोन्ही कादंबऱ्या आपापल्या उंबऱ्याशी इमानी आहेत. म्हणूनच एकट्या ‘बनगरवाडी’ची शिफारस करून मी खेड्याची निम्मीच बाजू लोकांच्या हाती देत होतो, असे मला आता वाटते.

‘पण बोराडेही पुरुषच!’ असे कोणी म्हणेल. मीही म्हटले. आपल्याकडे हे जुनेच आहे. हरिभाऊ आपट्यांनी 1890 च्या सुमारास ‘करमणूक’ पत्रातून ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहिताना यमूलाच बोलायला लावले. पु. शि. रेग्यांनी 1962 साली ‘सावित्री’त एका मुलीची एकोणचाळीस पत्रे दिली आणि समोरच्या पुरुषाचे एकही उत्तर छापले नाही. पुरुषाने बाईच्या तोंडून बोलावे की नाही हा वाद मी सोडवू शकत नाही. एवढे दिसते, की या तिघांनी लिहिताना स्वतः गप्प राहण्याचे कष्ट घेतले आहेत.

हे कष्ट मी घेतले नव्हते. माझी चौथी कादंबरी गेली दोन वर्षे टेबलावर आहे. तिच्यातली आई विहिरीवर उभी राहून दोन पाने विचार करते. मोठे सुंदर विचार! ते प्रकरण मी गेल्या वर्षी सौ.ला वाचायला दिले होते. तिने ते परत माझ्या टेबलावर ठेवले आणि त्यावर तांब्या ठेवला, कागद उडू नयेत म्हणून. एक शब्द बोलली नाही. मी समजलो, आवडले असावे. ‘पाचोळा’ वाचून संपली त्या रात्री मी ते प्रकरण पुन्हा काढले. विहिरीवरची ती बाई माझ्या आवाजात बोलत होती, वर्गात मी बोलतो तसे; हातात खडू तेवढा नव्हता. दोन पाने काढून टाकली. आता तिथे फक्त रहाटाचा आवाज आहे आणि तोही फार वेळ ठेवावा की नाही हे ठरत नाही.

तर यंदा विचाराल तर सांगतो : आधी ‘बनगरवाडी’, आणि ती खाली ठेवल्यावर मध्ये दुसरे काही न वाचता ‘पाचोळा’. दोन्ही आटोपशीर आहेत. फराळाच्या ताटाशेजारी मावतात. उटण्याच्या वड्यांसारख्या जाड ऐतिहासिक कादंबऱ्या भेट द्यायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. त्यातली एक मीही या पावसात अर्ध्यावर ठेवली. तिच्यातला घोडासुद्धा कीर्तनकारासारखा बोलेल की काय अशी भीती वाटू लागली होती. नाव सांगत नाही, सणाचे दिवस आहेत.

शाळेत या वर्षी एक नव्या बाई आल्या आहेत. त्यांना मी दोन्ही पुस्तके एकत्र दिली, दोऱ्याने बांधून. अजून परत आली नाहीत, मागणारही नाही.

‘सावित्री’ माझी पुन्हा वाचायची आहे, पण ती सौ.च्या ताब्यात आहे. काल विचारले, ‘कुठवर आलीस?’ तर मान वर न करता म्हणाली, ‘अजून पुष्कळ पत्रे राहिली आहेत. तोवर तुम्ही चकलीचे पीठ भिजवायला घ्या.’