स्वस्त वाद्यातील ‘हेतुपुरस्सर’ उणीव : एका आक्षेपाची चिकित्सा

उत्पादक स्वस्त वस्तू मुद्दाम उणी ठेवतात काय, हा प्रश्न जुना आहे. ज्यूल द्युपुई या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्ये रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाविषयी मार्मिक निरीक्षण नोंदविले होते. त्या डब्यांना छप्पर नसे ते खर्चापोटी नव्हे, तर दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडणाऱ्या प्रवाशाला धाक बसावा म्हणून. १९९६ मध्ये डेनेकेरे व मॅकॅफी या अर्थशास्त्रज्ञांनी अशा वस्तूंना ‘खराब केलेला माल’ असे नाव दिले. त्यांचे ठळक उदाहरण आयबीएमच्या १९९० मधील स्वस्त लेझर प्रिंटरचे. यंत्र महागड्या प्रिंटरचेच. वेग मिनिटाला दहा पानांवरून पाचावर यावा म्हणून त्यात जास्तीचा भाग घातलेला.

अकूस्टिक गिटारबाबत वादकांचा हाच आक्षेप असतो. मात्र तो सरसकट ग्राह्य धरता येत नाही. प्लायवूडची पाठ किंवा घोडीवरील प्लास्टिकची पट्टी यांमुळे कारखान्याचा खर्च खरोखरच वाचतो. मालकाने प्लास्टिक काढून हाड बसविले म्हणजे त्याने एखादे कारस्थान उघडकीस आणले, असे होत नाही.

पेनसिल्व्हेनियातील मार्टिन कंपनीचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. गिटारच्या वरच्या फळीला, म्हणजे सतारीच्या परिभाषेतील तबलीला, आतून आधारपट्ट्या असतात. मार्टिन त्या कोरून हलक्या करीत असे. १९४४ च्या सुमारास ही पद्धत थांबली. जाड तारांच्या ताणाने फळ्या फुगू लागल्या होत्या, हे त्याचे सामान्यतः दिले जाणारे कारण. मूळ निर्णय सावधगिरीचा होता, असेच म्हणावे लागेल. पुढे काही वादक कारागिरांकडून पट्ट्या कोरून घेऊ लागले. १९७६ मध्ये कंपनीने कोरीव पट्ट्यांची एचडी-२८ बाजारात आणली, तीही डी-२८ पेक्षा चढ्या किमतीने. कोरण्याचे श्रम जमेस धरूनही प्रश्न उरतो : एका प्रकारात पत्करलेला धोका दुसऱ्यात का टाळावा? द्युपुईचे छप्पर आठवावे ते येथे.

तथापि मालकांच्या हेतूंचीही चिकित्सा आवश्यक आहे. माइक लाँगवर्थ हा कारागीर डी-२८ वर शिंपल्याचे जडावकाम करून तिला डी-४५ चे रूप देई. १९६८ मध्ये मार्टिनने त्यालाच नोकरीत घेतले व १९४२ पासून बंद असलेली डी-४५ पुन्हा सुरू केली. जडावकामाने नाद बदलत नाही. पैसे मोजले गेले ते रूपासाठी. लाकडाच्या प्रतिष्ठेचेही बहुतांशी तसेच. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लँकेस्टर विद्यापीठातील संशोधकांच्या प्रयोगात, केवळ पाठीचे व बाजूंचे लाकूड वेगळे असलेल्या सहा गिटारी ५२ वादकांनी न पाहता वाजविल्या. महाग व स्वस्त लाकडांना मिळालेल्या पसंतीत फारसा फरक आढळला नाही.

आधारपट्ट्यांचे तसे नाही. तेथे फरक फळीच्या कंपनातच पडतो. मात्र ध्वनिछिद्रातून हात घालून घरीच पटाशी चालविणाऱ्याची हमी तर जातेच. शिवाय पट्टी प्रमाणाबाहेर कोरली गेली, तर ती बदलण्याची मजुरी स्वस्त गिटारच्या किमतीइतकीही होऊ शकते.