थोरांचे दोष आणि लोकांचा न्याय : मुळशी सत्याग्रहाच्या निमित्ताने

लोकमान्यता पावलेल्या व्यक्तीच्या हातून नीतीचा भंग झाला, की समाजाचा न्याय सहसा दोन टोकांना जातो. एक पक्ष तिचे सारे कार्यच मोडीत काढतो. दुसरा त्याच कार्याची ढाल पुढे करून दोषाचे नावही उच्चारू देत नाही. या दोन भूमिका परस्परविरोधी दिसल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. दोन्ही पक्ष कृतीचा विचार करीत नाहीत, कर्त्याचाच करतात.

हा प्रश्न आपल्या परंपरेला अपरिचित नाही. भागवताच्या दशम स्कंधात रासक्रीडेचे वर्णन ऐकून परीक्षित विचारतो, की धर्मरक्षणासाठी अवतरलेल्यानेच धर्ममर्यादा कशी उल्लंघिली? शुकाचार्य अग्नीचा दृष्टान्त देतात : अग्नी सर्व भक्षण करूनही दूषित होत नाही. लोकांनी हे अर्धेच उत्तर स्मरणात ठेवले. सामर्थ्यहीनाने त्या आचरणाचे मनानेही अनुकरण करू नये, आणि थोरांचे आचरण त्यांच्या वचनाशी जुळेल तेवढेच अनुसरावे, हा उत्तरार्ध मात्र विसरला गेला. भवभूतीने तर ‘उत्तररामचरिता’च्या पाचव्या अंकात हा संकेत उपरोधानेच हाताळला आहे. वडीलधाऱ्यांच्या चरित्राची चिकित्सा करू नये, असे म्हणत म्हणतच लव ताटकावध, खराशी लढतानाची माघार आणि वालिवध यांचा पाढा वाचतो.

या दृष्टीने मुळशी पेट्यातील घटना अभ्यसनीय ठरतात. नीला व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने वीजनिर्मितीसाठी धरण योजिले. त्यात आपली भातखाचरे बुडणार, हे ध्यानी येताच मावळातील शेतकऱ्यांनी 1921 च्या रामनवमीस सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांस ‘सेनापती’ ही उपाधी या लढ्यानेच मिळवून दिली. पुढे लढा ओसरत गेला आणि 1924 च्या अखेरीस बापटांनी काही साथीदारांसह कंपनीची आगगाडी सशस्त्र अडविली. त्याबद्दल त्यांस सात वर्षांची शिक्षा झाली. धरण मात्र पूर्ण झाले.

येथे एकाच पाण्याच्या दोन्ही काठांवर थोर नावे उभी होती. टाटांचे नाव म्हणजे स्वदेशी उद्योगाचे वैभव. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळणे हे राष्ट्रकार्यच, असा युक्तिवाद होता. गांधीजींनी मात्र 1921 मध्येच ‘यंग इंडिया’तून या घराण्याच्या थोरवीचा मान राखून गरिबांच्या इच्छेविरुद्ध जमीन घेण्याविषयी त्यास पुनर्विचार करावयास सांगितले. थोरवी ही सूट नसून वाढीव जबाबदारी आहे, हे त्यात गृहीत होते. दुसरीकडे बापटांचा त्याग इतका निर्विवाद, की गाडीवरच्या साध्या कामगारांच्या जिवास उत्पन्न झालेला धोका त्यांच्या गौरवकथांतून सहज गळून पडतो. टाटांच्या संदर्भात ‘राष्ट्रहित’ आणि बापटांच्या संदर्भात ‘हेतूची शुद्धता’ हे शब्द एकच काम करतात : ज्याला झळ पोचली त्याला ते दृष्टीआड करतात.

दोन्ही प्रसंग नैतिकदृष्ट्या समान आहेत, असा याचा अर्थ नव्हे. कायद्याचे पाठबळ असलेल्या कंपनीची सत्ता आणि तिच्यापुढे हतबल झालेल्यांचा प्रतिकार यांना एकाच तागडीत घालता येत नाही. शिवाय बापटांनी कृत्याची जबाबदारी टाळली नाही, कारावास पत्करला. हा भेद महत्त्वाचा आहे. तथापि तो कळण्यासाठीही आधी कृतीला तिचे नाव द्यावे लागते.

म्हणून समर्थन, सबब आणि क्षमा या तीन कल्पना वेगळ्या राखणे अगत्याचे आहे. समर्थन म्हणते, की अन्याय झालाच नाही. सबब अन्याय मान्य करते, पण कर्त्याचा दोष परिस्थितीच्या मानाने कमी ठरविते. क्षमा अन्याय आणि दोष दोन्ही मान्य करून रोष सोडते. चाहत्यांचा व्यवहार पाहता ते बहुधा समर्थनाने आरंभ करतात, पुरावा दाटला की सबबीवर येतात आणि शेवटी क्षमेची भाषा बोलतात. पण समर्थन आणि सबब तपासण्याचा अधिकार कोणासही असला, तरी क्षमेचा अधिकार केवळ पीडिताचा असतो. मुळशीत तो ज्यांची शेते बुडाली त्यांचा होता आणि गाडीवर असलेल्या कामगारांचाही होता. पुण्यामुंबईतील स्तुतिपाठकांनी तो परस्पर वापरणे म्हणजे दुसऱ्याच्या धनावर औदार्य करणे होय.

चरित्रवाङ्मयाच्या परीक्षणात हाच निकष लावला पाहिजे. चरित्रकाराने नायकाचे दोष सांगितले की नाही, एवढे पाहून भागत नाही. त्या दोषाची झळ ज्याला लागली त्यास ग्रंथात स्थान मिळाले की नाही, हे पाहावे लागते. बापटांचे नाव आज पुण्यात व मुंबईत रस्त्यांना आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची नावे ज्या चरित्रात नुसत्या संख्येने उरकली जातात, त्या चरित्रातील नायकाची थोरवीही अपुरीच सिद्ध झालेली असते. कारण ती थोरवी त्या गावांसाठीच पणाला लागली होती.