स्वयंप्रकाशित मराठी ई-पुस्तक : प्रकाशनाचे स्वातंत्र्य आणि संहितेची जबाबदारी

प्रस्तावना :
अॅमेझॉनने २००७ मध्ये अमेरिकेत किंडल हे वाचनयंत्र आणले आणि त्यासोबतच लेखकाला स्वतःचे पुस्तक त्यावर प्रकाशित करण्याची सुविधा दिली. डिसेंबर २०१६ मध्ये मराठीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तके किंडलवर उपलब्ध झाली. परिणामी प्रकाशकाच्या होकाराची वाट न पाहता मराठी लेखकाला वाचकापर्यंत जाता येऊ लागले. या स्वातंत्र्याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र वाचनयंत्रावर उमटलेली संहिता ही लेखकाने लिहिलेलीच संहिता असते काय, या प्रश्नाचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विवेचन :
मराठीतील अक्षरजुळणी दीर्घकाळ युनिकोडेतर फॉन्टांत होत आली. अशा अनेक फॉन्टांत देवनागरी आकृती रोमन अक्षरांच्या स्थानांवर बसविलेल्या असतात. तो फॉन्ट यंत्रात नसल्यास पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. यावर उपाय म्हणून पीडीएफ दिली जाते. परंतु तिचे पान स्थिर असते. सहा इंची पडद्यावर अक्षर बारीक होते व वाचकास पान सरकवीत वाचावे लागते. युनिकोडमधील ईपब प्रत मात्र पडद्यानुसार ओळी नव्याने जुळवून घेते.

तथापि युनिकोडनेही सर्व प्रश्न सुटत नाहीत. ‘ऱ्या’मधील अर्धा र काही संहितांत एका अदृश्य जोडचिन्हाच्या आधारे लिहिलेला असतो. रूपांतरात ते चिन्ह गळाले की तेथे रफार येतो. मग ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि ‘आचाऱ्यास’चे ‘आचार्यास’ होते. डोंगरातील दऱ्यांचा समुद्र व्हावा आणि स्वयंपाक्यास गुरुपद लाभावे, हा निव्वळ मुद्रणदोष नव्हे. येथे अर्थच पालटतो. शिवाय दोन्ही शब्द भाषेत शुद्ध असल्याने संगणकीय शुद्धलेखन-तपासणीत ही चूक सापडत नाही. ती जाणत्या वाचकाच्या डोळ्यांनाच दिसते.

निष्कर्ष :
छापील ग्रंथव्यवहारात हा जाणता डोळा संपादकाचा आणि मुद्रितशोधकाचा असे. स्वयंप्रकाशनात या व्यक्ती मध्ये नसल्या, तरी त्यांचे काम संपलेले नाही. ते लेखकाकडे आले आहे. आयएसबीएन ही पुस्तकाची ओळख आहे, संहिताशुद्धीची हमी नव्हे. म्हणून लेखकाने संगणकावरील पूर्वदृश्यावर विसंबून न राहता प्रत्यक्ष वाचनयंत्रावर संपूर्ण पुस्तक वाचूनच ते प्रकाशित करावे. ई-पुस्तकांचे परीक्षण करणाऱ्या प्राध्यापकांनीही आशयाइतकीच संहितेची तपासणी करणे अगत्याचे आहे. अन्यथा लेखकाने न लिहिलेल्या शब्दांवर समीक्षा उभी राहील.